काळी रेघ आधी, रंग मागाहून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बालपुरवणीने आठवी ते दहावीच्या मुलामुलींकडून चित्रकथा मागवल्या आहेत. नायिका शाळकरी, तिची खरी ओळख कुणाला ठाऊक नाही आणि वाटेत रंगीबेरंगी खलनायक. विषय झकास आहे. अटी मात्र दोन ठिकाणी फसल्या आहेत. ‘चित्र पूर्ण रंगवून पाठवावे’ ही एक आणि ‘गोष्ट एका पानात संपवावी’ ही दुसरी. पहिलीमुळे छापलेल्या पानाचा चिखल होईल, दुसरीमुळे गुपिताला जागाच उरणार नाही. मुदत संपायला अजून अवकाश आहे, म्हणून हे जरा लांबलचक लिहीत आहोत.

आधी कागदाचे. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅमचा, म्हणजे पातळ आणि शाई पिणारा. ज्या बारीक ठिपक्यांतून छटा बनते, तो ठिपका त्यावर पसरतो. मधल्या छटा सगळ्यात जास्त दगा देतात. संगणकावर ५० टक्के दिलेली छटा छापून आली की पंचाहत्तरीच्या घरात दिसते. तीन-चार टक्क्यांची फिकट छटा उडूनच जाते आणि ८५च्या वरची भरून सपाट होते. सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), यलो (पिवळी) आणि ब्लॅक (काळी) या छपाईच्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज एका जागी २४०च्या वर गेली की शाई वाळत नाही, समोरच्या पानाला लागते. मुलांनी जलरंगात मन लावून केलेले संध्याकाळचे आभाळ असो किंवा तेलखडू घोटून केलेली सावली असो, सकाळी दारात पडणाऱ्या अंकात दोन्हींचा करडा-तपकिरी डाग झालेला असतो.

अक्षरांचे हाल याहून वाईट. बहुतेक मुले चित्राचा मोबाइलवर फोटो काढून पाठवणार. फोटोतला काळा हा निव्वळ काळा नसतो, छपाईसाठी फोडला की तो या चारही शायांच्या प्लेटांत (छपाईच्या पत्र्यांत) वाटला जातो. मशिनवर कागद वेगाने धावत असताना एखादी प्लेट पाव मिलिमीटर सरकली तरी अक्षराला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार येते. मोठ्या मथळ्यात ते खपून जाते. फुग्यातल्या बारीक संवादात वेलांटी कुठली आणि मात्रा कुठली, हे कळेनासे होते.

उपाय जुना आहे आणि सोपा आहे. दोन कागद मागवा. एकावर फक्त काळी रेघ, दुसऱ्यावर रंगांची खूण.

पहिला कागद ए-थ्री आकाराचा जाड ड्रॉइंग पेपर. आपण पाव पान देणार असाल तर छापील जागा सुमारे १६ बाय २५ सेंटिमीटर मिळेल. चित्र त्याच्या दीडपट, म्हणजे २४ बाय ३७.५ सेंटिमीटरच्या चौकटीत काढावे. लहान होताना रेघेचा थरथराट झाकला जातो, हा दीडपटीचा खरा फायदा. कच्चे रेखाटन फिकट निळ्या रंगपेन्सिलीने करावे. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ही निळी रेघ निघून जाते, त्यामुळे खोडायची गरज पडत नाही आणि खोडताना कागदाचा पापुद्राही निघत नाही. पक्की रेघ पिगमेंट शाईच्या पेनाने: बाहेरची ०.८ मिलिमीटर, आतली ०.५. याहून बारीक रेघ छपाईत तुटते. बॉलपेन करडे आणि तुटक येते, जेल पेन हाताला लागून फरफटते, स्केचपेनची रेघ कागदात फुटते. मोठे काळे भाग ब्रशने आणि काळ्या शाईने दोनदा भरावेत. एका हातात पट्टे राहतात आणि स्कॅनर ते इमानदारीने टिपतो. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), काळे-पांढरे. आपल्या तालुका कार्यालयात स्कॅनर असेल तर तिथेच करून घ्या, पोरांना झेरॉक्सच्या दुकानात भुर्दंड कशाला?

दुसरा कागद म्हणजे त्याच चित्राची ए-फोरवर लहान केलेली झेरॉक्स, ७१ टक्क्यांची. तिच्यावर साध्या रंगपेन्सिलींनी कुठे कोणता रंग ते दाखवायचे. प्रत्यक्ष रंग आपला डीटीपीवाला (संगणकावर पान जुळवणारा) काळ्या रेघेखाली सपाट भरेल. काळी रेघ आणि अक्षरे फक्त ब्लॅक प्लेटवर १०० टक्के राहतील, रंग त्यांच्याखालून जातील, आणि प्लेट सरकली तरी वाचायला अडचण येणार नाही.

सपाट रंग म्हणजे दरिद्री रंग, असे कुणी समजू नये. अमेरिकेतल्या जुन्या कॉमिक्सचा सगळा संसार ६४ रंगांत झाला. काळी सोडून तीन शाया, प्रत्येकीच्या चार पायऱ्या: ०, २५, ५० आणि १००. चार गुणिले चार गुणिले चार. आपल्या आजच्या कागदासाठी २५च्या जागी १५ आणि ५०च्या जागी ३० धरले तर छापून जवळपास तोच परिणाम मिळतो. हा ६४ घरांचा तक्ता आपण पुरवणीत एकदा छापला तर मुलांना पेन्सिलीच्या खुणेऐवजी थेट घराचा क्रमांकच लिहिता येईल. आणि तो याच कागदावर छापलेला असल्यामुळे खोटे बोलणार नाही. मोबाइलच्या पडद्यावरचा तक्ता हमखास बोलतो.

छापखान्यापुढे भल्याभल्यांचे चालले नाही. हल्क मे १९६२च्या पहिल्या अंकात करडा होता. करड्याची छटा पानागणिक बदलू लागली, तेव्हा दुसऱ्याच अंकात त्याला हिरवा केला आणि तो कायमचा हिरवा झाला. आपल्याकडे १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीतही घरोघर पोचलेला वेताळ (मूळचा फँटम) कर्त्याच्या मनात करड्या पोशाखातला होता. १९३९ साली रविवारच्या रंगीत पट्टीत तो जांभळा छापला गेला. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांत निळा आणि पुढे जांभळा.

आता खलनायकांकडे. लाल-निळा नायक आणि हिरवा-जांभळा खलनायक ही वाटणी जगभरच्या कॉमिक्समध्ये दिसते. १९६२ साली आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या स्पायडरमॅनचे शत्रू मोजून पाहा: गिधाड हिरवे, सरडा हिरवा, विंचू हिरवा, आणि गॉब्लिन तर हिरव्यावर जांभळा. ठसठशीत रंग नायकाने आधीच उचललेले असतात, उरलेल्यांतून शत्रूला द्यावे लागतात. शिवाय मारामारीच्या गर्दीत कुणाचा हात कुणाच्या नाकावर बसला, हे रंगावरूनच कळते. मुलांनी ही वाटणी जशीच्या तशी उचलावी असे नाही, पण नायिकेचे दोन रंग आधी ठरवून ते खलनायकांना बंद करावेत. इतकी शिस्त पुरे.

रंगाच्याही आधी आकार. प्रत्येक खलनायक पूर्ण काळा भरून अडीच सेंटिमीटर उंचीचा करावा आणि हातभर लांबून ओळखू येतो का ते पाहावे. ओळखू आला नाही तर जगातली कोणतीही शाई त्याला वाचवणार नाही. शिंगे, झूल आणि मुखवटा अशी तीन आभूषणे एकावर चढवली की तिन्ही एकमेकांना खातात. एक आकार, एकच खूण. सांगलीकरांना हे नव्याने सांगायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ उभे केले. त्यांच्या परंपरेतली राक्षसपार्टी तोंड रंगवून, ‘अललडुर्र’ ओरडत रंगणात यायची. पलित्यांच्या उजेडात मागच्या माणसाला राक्षस कोण ते चेहरा न दिसताही कळले पाहिजे, ही त्यामागची गरज. आपल्या कागदाची गरजही तीच आहे.

खलनायक कुठून आणायचे? परग्रहावरून आणू नयेत, एवढी विनंती. इथलाच मालमसाला भरपूर आहे. नमुन्यादाखल तीन घडवून दाखवतो. मुलांनी हेच घ्यावेत असे नाही, पण घडण कशी असते ते कळेल.

पहिला पिवळ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हा तिच्यात मेटॅनिल यलो नावाचा रंग मिसळतो. खाण्यात या रंगाला परवानगी नाही. पोत्यासारखा खाली फुगलेला, वर गाठ मारलेला, असा त्याचा आकार. त्याचा पाडाव शाळेच्या प्रयोगशाळेत होतो. चिमूटभर हळद पाण्यात घालायची, वर हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. रंग गुलाबी-जांभळा होतो. मग आणखी पाणी घालायचे. रंग गेला तर हळद खरी, टिकला तर भेसळ. अंगाला भिडणारे आम्ल आहे, तेव्हा चित्रातही विज्ञानाच्या बाई शेजारी उभ्या असाव्यात आणि डोळ्यांवर चष्मा असावा. छपाईच्या दृष्टीने हा प्रसंग म्हणजे पर्वणीच: सगळ्या पानभर फक्त पिवळी शाई आणि त्या एका चौकटीत अचानक मॅजेंटा. मात्र पिवळा रंग स्वतःच्या जोरावर आकार दाखवत नाही, मळकट पांढऱ्या कागदात विरघळून जातो. पिवळ्याभोवती जाड काळी रेघ आणि मागे गडद भिंत हवीच. उन्हात उभा केला की तो नाहीसा झालाच म्हणून समजा.

दुसरी सुकवणी. ही बाई स्पर्शाने वस्तूतले पाणी काढून घेते. तासगाव भागातली बेदाण्याची शेड हे तिचे घर: जाळीच्या एकावर एक रॅका, भिंती उघड्या, वारा खेळता. बेदाण्याची कृती तिच्या शक्तीला पायरीपायरीने जोडता येते. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल, त्यात घड दोन ते पाच मिनिटे बुडवायचे. द्राक्षावरचा मेणाचा थर मोकळा होतो आणि पाणी लवकर बाहेर पडते. दोन आठवड्यांच्या आत-बाहेर माल तयार, चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. म्हणजे सुकवणीलाही आधी द्रावणाचा फवारा मारून ‘बुडवावे’ लागते. तिचा फवारा चुकवला तर स्पर्श चालत नाही. ही झाली तिची मर्यादा, आणि ती वाचकाला पहिल्याच भेटीत दिसली पाहिजे. शेवटच्या चौकटीत एकाएकी शोध लागला तर ती फसवणूक.

सुकवणीचा राग मात्र खोटा ठरवू नका. जिल्ह्याच्या पश्चिमेला कृष्णेचा पूर, पूर्वेला जत-आटपाडीला टँकर. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, ही मोजपट्टी सांगलीतले शेंबडे पोरही सांगते. म्हैसाळ योजनेने हेच पाणी उपसून पूर्वेकडे चढवावे लागते. ‘तुमच्याकडं उतू जातंय, आमच्याकडं घसा कोरडा,’ असे ती म्हणाली तर नायिकेला पटकन उत्तर सुचू नये. अर्धा बरोबर असलेला खलनायक पूर्ण वाइटापेक्षा कैक पटीने चालतो. कमला खान या सोळा वर्षांच्या नायिकेच्या २०१४च्या ‘मिस मार्व्हल’ या अमेरिकी कॉमिक मालिकेत पहिला मोठा शत्रू पक्ष्याच्या डोक्याचा एक संशोधक आहे. एडिसनचा क्लोन करताना त्यात कॉकटील पक्ष्याचा अंश मिसळला गेला, अशी त्याची कुळकथा. दिसायला निव्वळ चावटपणा. पण तो पोरांना पटवतो काय, तर तुमची पिढी जगावर ओझे आहे, त्यापेक्षा माझ्या यंत्राची बॅटरी व्हा. आणि पोरे आपल्या पायांनी चालत जातात. रंगीत शत्रू नायिकेच्या वयाच्या दुखण्यावर बोट ठेवतो तेव्हाच लक्षात राहतो.

सुकवणीला जांभळा रंग द्यायचा तर एक सूचना. सायन १०० आणि मॅजेंटा १०० दिले तर या कागदावर तो काळपट निळा येतो. मॅजेंटा १०० आणि सायन ४० ठेवावा.

तिसरा दणदण्या, भिंतीएवढ्या स्पीकरांचा. हा चौकोनी, त्याला मान नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी. त्यामुळे तो किती वाजता येतो यावरूनच त्याचा गुन्हा ठरतो. कोपऱ्यात एक घड्याळ काढले की खुलाशाचे चार शब्द वाचतात. त्याला हरवायचे तर भौतिकशास्त्र पुरते: उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण अरुंद बोळात भिंती तो परत फेकतात, तिथे इतका उतरत नाही. म्हणून मारुती चौकाच्या गर्दीत त्याच्याशी भिडण्यात अर्थ नाही. त्याला चुचकारत सरकारी घाटाच्या मोकळ्यावर आणायचे. पाठलागाला कारण मिळाले, नकाशा मिळाला आणि पोरांना आपले गाव काढायला मिळाले.

आवाजाची अक्षरे काढताना इंग्रजी कॉमिक्समधले ‘बूम’ आणि ‘बँग’ देवनागरीत उतरवू नयेत. मराठीत काय तोटा आहे? पत्रा पडला तर खणण्, दार आपटले तर धाडकन, भांडे घरंगळले तर ठणणण, चिखलात पाय गेला तर पचाक्. ही अक्षरे फुग्यात कोंडायची नाहीत. चित्राचाच भाग करून त्यांचा थोडा भाग वस्तूच्या मागे गेला पाहिजे. शिरोरेघ सरळ ठेवण्याची सक्तीही नाही. दणदण्याची शिरोरेघ थरथरू द्या.

संवादाची अक्षरे मात्र सरळच हवीत. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त मोकळी जागा लागते. मूळ चित्रात अक्षराची उंची साडेचार मिलिमीटर आणि ओळीपासून ओळीपर्यंत नऊ मिलिमीटर ठेवली तर छापून सहज वाचता येते. कमी ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. फुग्याची कड आणि शिरोरेघ यांत तीन मिलिमीटर हवा असावी. आणि मुलांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी फुगा काढून मग त्यात शब्द कोंबणे. शब्द आधी, फुगा त्यांच्याभोवती. एका फुग्यात पंधरा शब्द, एका चौकटीत पंचवीस, याच्यावर जाऊ नये. संगणकावर टाइप करणाऱ्यांनी अक्षरांचे कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षरांना चित्राच्या रेघांत बदलूनच) फाइल पाठवावी. नाहीतर जुन्या फॉण्टमधून युनिकोडमध्ये जाताना ‘सुऱ्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्धा र हटकून मोडतो.

आता दुसरी अट, एका पानाची. गुपित म्हणजे काही मुखवटा नव्हे. नायिका एकाच वेळी दोन ठिकाणी हवी असते आणि ती एकाच ठिकाणी जाऊ शकते, गुपित त्या ओढाताणीत असते. मे १९५९ मध्ये आलेल्या सुपरगर्लला उडता येत होते, भिंतीपलीकडचे दिसत होते. तरी पंधरा वर्षांची ती पोर तपकिरी केसांचा टोप घालून, लिंडा ली या नावाने अनाथाश्रमात राहायची. तिचे अस्तित्व जगापुढे आले १९६२ साली. तीन वर्षे तिची गोष्ट चालली ती कुणाला कळू न देता मदत कशी करायची या एका पेचावर. एका पानात मावेल असा हा ऐवज नाही.

सांगलीत तर पेच आणखी घट्ट. इथे अनाथाश्रमाचा एकांत कुठला? गावभागात पोरगी वाकडी वाट करून घरी आली तर ती पोचण्याआधी बातमी पोचते. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास, आणि मधल्या वेळात ‘पोचलीस का गं?’ असा फोन. म्हणून चित्रापूर्वी तिचे वेळापत्रक लिहावे. अर्ध्या तासाची एकेक ओळ, सकाळी ६ ते रात्री १०. प्रत्येक ओळीसमोर ती कुणाच्या नजरेत आहे ते. रिकाम्या ओळी दोन-तीनच निघतील. सगळी साहसे तिथेच बसवायची, आणि एखादे बसत नसेल तर काय बुडाले ते दाखवायचे. चाचणी परीक्षा? मैत्रिणीचा वाढदिवस? आजीचे औषध? बुडालेली गोष्ट लहान आणि नेमकी असावी.

मुखवट्याचा प्रश्न मात्र आपल्याकडे जवळपास सुटलेलाच आहे. डोके-चेहरा झाकणारा स्कार्फ, वर गॉगल, हातांत कोपरापर्यंत मोजे: भर दुपारी विश्रामबागेत उभे राहिले तर अशा दहा मुली दिसतील आणि कुणी वळून बघणार नाही. हा पोशाख संशय ओढवून घेत नाही, हे त्याचे मोल. चित्रकाराची अडचण अशी की तोंड झाकले, तर भाव फक्त डोळे आणि भुवया यांवर येतात. तेव्हा गॉगल कपाळावर सरकवावा, डोळे जरा मोठे काढावेत आणि खांद्यांच्या ठेवणीतून राग-भीती दाखवावी. इतर स्कार्फवाल्यांपासून ती वेगळी दिसावी म्हणून गाठ डाव्या कानामागे, एवढी एक खूण पुरे. नक्षी नको. बारीक नक्षी या कागदावर डागच होते.

वाहनाचे मात्र नीट पाहावे. अठरा वर्षांखालील मुलगी एमएच १० ची मोठी स्कूटर उडवताना दिसली तर गोष्टीचा शेवट पोलीस चौकीत होतो, आणि नंबरप्लेट हा गुपिताचा सगळ्यात मोठा शत्रू. सायकल बरी. तीही शाळेचे स्टिकर काढलेली.

ओळख उघडी पडते ती चेहऱ्यावरून क्वचितच. आवाजावरून पडते, डावखुरेपणावरून पडते, सकाळच्या जखमेवर दुपारी दिसलेल्या पट्टीवरून पडते. वेणीच्या टोकाला तीच रिबीन, पायांत तेच शाळेचे काळे बूट, तळहातावर कालच्या लग्नातली मेंदी. यातली एकच खूण निवडून ती आधी दोनदा सहज दाखवावी आणि तिसऱ्या वेळी कुणाच्या तरी लक्षात आणून द्यावी. त्या ‘कुणाच्या तरी’ जागी शक्यतो घरचे माणूस असावे. कमला खानची आई पुढे तिला सांगते की मला केव्हाच कळले होते. त्या प्रसंगाचे वजन सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा जास्त आहे.

वेषांतराचा सर्वांत चोख नमुना शोधायला अमेरिकेलाही जायला नको. प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचे सोंग वठवले. ‘नवरा’ झालेला साथीदार मारतोय, बाई ओरडतेय, पोलीस सोडवायला बाहेर आले, आणि इकडे बाकीच्यांनी ठाण्यातल्या बंदुका लांबवल्या. मार खराखुरा खावा लागला. १९४३ साली त्या अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. मुखवटा नाही, झूल नाही. ज्या बाईकडे कुणी धोका म्हणून बघत नाही तिचीच भूमिका घेतली. मुलांना अटींसोबत हा प्रसंग चार ओळींत छापून द्या.

म्हणून मागणी अशी: एका पानाऐवजी चार रविवार, दर रविवारी पाव पान, अशा प्रत्येक पाव पानाला सहा चौकटी. एकूण २४. त्यातल्या किमान दहा चौकटी घर, शाळा आणि रस्त्यासाठी राखून ठेवायला सांगा, म्हणजे पोरे पहिल्याच चौकटीत हाणामारीला भिडणार नाहीत. खलनायक एकच. तीन हवे असतील तर बारा रविवार लागतील. दर पानाची सहावी चौकट अशी हवी की पुढच्या रविवारपर्यंत वाचक थांबेल, आणि पहिली अशी की मागचा अंक न वाचलेल्यालाही धागा सापडेल. ही पहिली चौकट मुलांना नेहमी जड जाते. संपादकांनी तिथे दोन ओळींचा मागील कथाभाग स्वतः लिहून द्यायला हरकत नसावी.

चारही पाने आधीच पूर्ण करून मागवावीत. पहिले पान छापून झाल्यावर दुसरे काढायचे ठरले तर दहावीच्या मुलांची सराव परीक्षा आडवी येते आणि गोष्ट अर्ध्यावर लटकते.

निवड करताना प्रवेशिका आपल्याच कागदावर एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून पाहाव्यात. पडद्यावर पाहून निवडलेल्या अर्ध्याअधिक कागदावर फसतात. ज्यांत रंग नसतानाही खलनायक कोण आणि नायिका कोण हे कळते, त्याच पुढे घ्याव्यात.

शेवटचे, टपालाचे. कागद गुंडाळून नळीत घालून पाठवू नये, असे जाहिरातीत ठळक लिहा. गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर स्कॅनरवर सपाट बसत नाही आणि कडेच्या चौकटी अंधुक येतात. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सपाट, चारी कडांना चिकटपट्टी. नाव, इयत्ता आणि शाळा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहावी, कारण पेनाची शाई पुढे उमटते. आणि मूळ चित्रे मुलांना परत मिळतील का, कधी आणि कुठून, हे कृपया पुढच्याच रविवारी जाहीर करावे.

आपले,
चित्रकला शिकवणारे आणि डीटीपी करणारे काही वाचक,
सांगली